एमजीबी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की परत चालू: कुठून बघायला सुरुवात करायची

दर वर्षी मार्च संपला की हाच प्रश्न सुरू होतो आणि मी तेच उत्तर व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात टाइप करत बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. गाडी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली (नंतरच्या रबर बंपरवाल्या), १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन (ट्विन) कार्बोरेटर. १९६२ ते १९८० एवढी वर्षं बनली, पाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे तिचा प्रत्येक आजार जगात कुणालातरी आधी होऊन गेलेला असतो. पद्मिनी, हेराल्ड, अँबेसेडरवाल्यांनाही यातलं निम्मं तरी लागू पडेल, फरक असेल तिथे सांगतो.

आधी लक्षणं नीट बघा

"गरम झाली की बंद पडते" एवढंच सांगून काही कळत नाही, कारण त्या एका वाक्यात चार-पाच वेगळे फॉल्ट असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. बंद *कशी* पडते ते सांगा.

चालता चालता खटकन बंद, कुणीतरी चावी फिरवल्यासारखी, झटका नाही, खोकणं नाही. गाडी अजून गिअरमध्ये घरंगळतेय, म्हणजे इंजिन फिरतंय, तरी टॅकोची (आरपीएम मीटरची) सुई शून्यावर. इलेक्ट्रॉनिक टॅको असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण त्याला सिग्नल कॉइलच्या (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी ती) सर्किटमधून मिळतो, सुई इंजिनाच्या आधी मेली म्हणजे इग्निशन गेलं. पेट्रोलशी संबंध नाही.

दुसरा प्रकार, चढावर पिकअप जातो, आचके देते, चोक थोडा ओढला की जरा सावरते आणि मग हळूहळू मरते, टॅकोची सुई इंजिनाबरोबर खाली येते. हे पेट्रोल कमी पडण्याचं लक्षण.

तिसरा, पळताना काहीच त्रास नाही, चहाला थांबलात, दहा-पंधरा मिनिटांनी आलात तर स्टार्टच होत नाही, किंवा होते आणि दोनशे मीटरवर जाऊन बसते. ही बॉनेटखाली साठलेली उष्णता.

चौथा, हायवेला स्पीड धरला की मरते, पाच मिनिटं उभी केली की चालू, आणि हे डिसेंबरात सकाळी पण होतं. मग उन्हाचा संबंधच नाही, टाकी किंवा टाकीचं झाकण बघा.

आणि टेंपरेचरची सुई लाल पट्ट्याकडे गेली असेल तर तो वेगळाच विषय, तो शेवटी घेतो.

बंद पडल्यानंतरची दहा मिनिटं वाया घालवू नका

या फॉल्टमध्ये लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात ते याच कारणाने. गाडी खंबाटकी घाटात बंद पडते, मालक सावलीत जाऊन उभा राहतो, वीस मिनिटांनी चालू होते, घरी येतो, दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे थंड गाडी नेतो, थंड गाडीत सगळं ठीक, मग मेकॅनिक अंदाजाने पंप बदलतो, मग कॉइल, मग कार्बोरेटरची किट, आणि पुढच्या रविवारी गाडी परत त्याच वळणावर. फॉल्ट फक्त गाडी मेलेली असतानाच हजर असतो, तेव्हाच पकडायचा. त्यासाठी डिकीत एक साधा मल्टिमीटर, एक जास्तीचा प्लग, कंडेन्सर, रोटर, दोन क्लिपवाली वायर, स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची बाटली, जुनं फडकं आणि फायर एक्स्टिंग्विशर, एवढं कायम ठेवा. एक्स्टिंग्विशर शोभेला नाही, कार्बोरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसलेले आहेत हे विसरू नका.

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, हँडब्रेक, न्यूट्रल, बॉनेट उघडा. पेट्रोलचा वास जोरात येत असेल किंवा कुठे ओलं दिसत असेल तर तिथेच थांबा, स्पार्क-बिर्क काही बघायचा नाही.

फुकटचे चेक

चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका, फक्त ऐका. एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागे उजव्या चाकाच्या बाजूला असतो, टक-टक-टक करतो आणि फ्लोट बोल (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या) भरले की थांबतो. नॉर्मल म्हणजे चार-पाच टक् आणि शांत. आवाजच नाही तर एकतर फ्लोट बोल आधीच भरलेत किंवा पंपाला करंट नाही किंवा पंपाचे पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) चिकटलेत. न थांबता भराभर टकटकतोय म्हणजे पेट्रोलऐवजी हवा ओढतोय, टाकी रिकामी आहे, किंवा पुढे कुठेतरी पेट्रोल वाहून जातंय.

आता यातली गंमत अशी की पंप आणि कॉइल दोघांनाही करंट चावीच्या स्विचमधून निघणाऱ्या एकाच पांढऱ्या वायरच्या सर्किटमधून येतो, आणि त्याला फ्यूज नसतो. म्हणजे पंपही गप्प आणि स्पार्कही नाही, अशी जोडी जमली तर कॉइल बदलू नका, पंप बदलू नका, स्विच आणि त्या पांढऱ्या वायरचे बुलेट कनेक्टर (वायरी जोडणारे गोल जोड) बघा. पन्नास-साठ वर्षांचे पितळी बुलेट आतून हिरवे होतात, गरम झाले की संपर्क सोडतात, थंड झाले की धरतात. काढा, पॉलिश पेपर मारा, परत दाबून बसवा. या एका गोष्टीने गाड्या बऱ्या झालेल्या पाहिल्यात आणि खर्च शून्य.

मग टाकीचं झाकण. मागे जा आणि उघडा. सुस्स् करून हवा *आत* गेली आणि त्यानंतर गाडी चालू झाली तर झाकण श्वास घेत नाहीये, टाकीत व्हॅक्यूम होतोय आणि पंपाला ओढवत नाहीये. रिस्टोर करताना लोक हौसेने कुलूपवालं चकचकीत झाकण लावतात, त्याला भोकच नसतं. अमेरिकेत गेलेल्या नंतरच्या गाड्यांना मुळातच बंद झाकण आणि कोळशाचा डबा होता, तिथे हवेची सोय डब्यातून, म्हणून तुमची गाडी मूळ कुठली ते बघून झाकण घ्या. चेक करायला काही लागत नाही, झाकण अर्धवट सैल करून एक चक्कर मारा, टाकी काठोकाठ भरलेली नसताना, आणि हळू.

इग्निशन, म्हणजे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा

आपल्याकडे गरम गाडी बंद पडली की पहिला शब्द निघतो "एअर लॉक" नाहीतर "व्हेपर लॉक", म्हणजे पेट्रोलच्या पाइपमध्ये हवा किंवा वाफ अडकलीय, आणि मग पंपावर ओलं फडकं. पद्मिनीत ते बरोबरच होतं, कारण एसी कंपनीचा पंप इंजिनला चिकटलेला, तिथून मागच्या टाकीतलं पेट्रोल *ओढायचा*, ओढताना पाइपमध्ये दाब कमी, वरून उष्णता, म्हणून वाफ. एमजीबीत पंप मागे, तो *ढकलतो*. पाइपमध्ये दाब असला की वाफ इतकी सहज होत नाही. फ्लोट बोलमध्ये पेट्रोल उकळू शकतं, ते वेगळं, पण खटकन बंद पडणाऱ्या गाडीत मी आधी डेल्कोचं, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडतो.

स्पार्क बघायचा असा: एक प्लग वायर काढून जास्तीच्या प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनला नीट टेकवा, कार्बोरेटरपासून लांब, प्लग आणि डेल्को उजवीकडे आणि कार्बोरेटर डावीकडे आहेत ते बरंच आहे, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळसर, कडक, टप-टप आवाज करणारा स्पार्क म्हणजे ठीक, पेट्रोलकडे वळा. पिवळट, बारीक, मधूनच येणारा म्हणजे कंडेन्सर, रोटर, कॉइल यांतलं काहीतरी. काहीच नाही तर मल्टिमीटर काढा.

कॉइलला दोन बारीक टर्मिनल, जुन्यावर एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं. सीबीवाली वायर डेल्कोकडे जाते. चावी ऑन, एसडब्ल्यूवर साधारण १२ व्होल्ट पाहिजेत, नसतील तर परत पांढऱ्या वायरकडे. मग सीबीवर बघा आणि इंजिन हाताने थोडं थोडं फिरवा, चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलून सुद्धा होतं: डेल्कोतले पॉइंट उघडे असताना इथेही १२ आणि बंद असताना जवळजवळ शून्य. पॉइंट बंद असूनही १२ राहत असेल तर पॉइंट जळलेत, नाहीतर डेल्कोच्या आतली कापडी वेष्टणाची बारीक वायर तुटलीय. ही वायर लई फसवी आहे. व्हॅक्यूम ॲडव्हान्स बेसप्लेट हलवतो तशी ती दर वेळी वाकते, वेष्टण शाबूत दिसतं आणि आत तारा तुटलेल्या, मग ॲक्सिलरेटर दाबला की संपर्क जातो, सोडला की येतो. चिमट्याने हळूच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर ती गेलीय. उलट, पॉइंट उघडे असूनही सीबीवर कायम शून्य असेल तर कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कुठलीतरी वायर डेल्कोच्या बॉडीला टेकतेय.

पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, हे विसरू नका. १९६७ अखेर आलेल्या मार्क टूच्या आधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, मल्टिमीटरवर आकडा मायनसमध्ये येईल, घाबरायचं नाही. पण कुणी मधे कधी बदलून निगेटिव्ह केली असेल तर नुसत्या वर्षावर जाऊ नका, सीटमागची बॅटरी उघडून बघा कुठलं टोक बॉडीला बांधलंय ते.

आता कंडेन्सर. छोटी, स्वस्त, पॉइंटशेजारची ती डबी, आणि या सगळ्या पोस्टमधला सगळ्यात वाईट पार्ट. थंड असताना बरोबर चालतो, डेल्को तापला की आतला जोड सुटतो, स्पार्क पिवळा पडतो, पॉइंटवर मात्र निळी ठिणगी नाचताना दिसते. नवीन बॉक्समधून काढलेला सुद्धा खराब निघतो, त्यामुळे "परवाच बदललाय" हे उत्तर मी मानत नाही. रस्त्यावर चेक करायचा सोपा मार्ग, डेल्को न उघडता: जास्तीचा कंडेन्सर घ्या, त्याची वायर कॉइलच्या सीबी टर्मिनलला, डबीचं अंग क्लिपवायरने इंजिनच्या चांगल्या अर्थला. स्टार्टर मारा. चालू झाली आणि नीट पळाली तर निदान झालं. जुना कंडेन्सर शॉर्ट असेल तर मात्र आधी त्याला काढावं लागेल, नाहीतर नव्याचा उपयोग नाही. मी तर आता कंडेन्सर कायमचाच बाहेर कॉइलच्या ब्रॅकेटवर बसवतो, तिथे थंड राहतो, आणि साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कुठल्याही पॉइंटवाल्या गाडीचा चालतो. पुण्यात नाना पेठेत अँबेसेडरचा मागा, मिळतो. दिसायला ओरिजिनल नाही म्हणून काही लोक नाक मुरडतात, मुरडू दे.

रोटर, डेल्कोत फिरून स्पार्क वाटणारा तो तुकडा, पण असाच. बाहेरून नवाकोरा, आत प्लास्टिकला सूक्ष्म तडा किंवा पट्टीचा रिव्हेट फार खोल गेलेला, मग स्पार्क कॅपकडे न जाता खाली शाफ्टमध्ये उतरतो. चेक: कॅप काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या मधल्या पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटर वर धरा, हाताने नाही, लाकडी चिमट्याने, आणि स्टार्टर मारा. पट्टीवर मधे मधे ठिणगी सारखी पडत राहिली तर रोटर करंट खातोय, बदला. रिव्हेट नसलेले लाल रंगाचे रोटर मिळतात, मला ते बरे वाटतात.

कॉइलचा रेझिस्टन्स वायरी काढून मोजा. क्रोम बंपर गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल. रबर बंपरच्या गाड्यांना वायरिंगमध्येच बॅलास्ट वायर (करंट कमी ठेवणारी) असते आणि कॉइल दीड ओहमच्या आसपासची. दीडवाली कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीला लावली, "स्पोर्ट्स कॉइल" म्हणून लोक हौसेने लावतात, की करंट दुप्पट, कॉइल तापते, पॉइंट जळतात, आणि गाडी गरम झाली की बंद. तुमचा फॉल्ट कॉइल बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर इथेच थांबा. आणि बंद गाडीत चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका, पॉइंट बंद अवस्थेत असतील तर कॉइलमधून तीन-चार अँपिअर सतत जातात.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगचा ०.६४. हल्लीच्या पॉइंटची टाच लवकर झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे जातं, मागच्या टायमिंगला इंजिन जास्त तापतं. म्हणजे एक छोटा पार्ट दोन्हीकडून मारतो. कॅमवर किंचित ग्रीस लावायचं असतं ते कुणी लावत नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर पॉइंट-कंडेन्सरची कटकट नाही, पण ते मोड्यूल सुद्धा गरम झाल्यावर मरतं, उलट्या पोलॅरिटीने लगेच मरतं, आणि मेलं की रस्त्यावर दुरुस्त होत नाही. जुनी पॉइंटची प्लेट फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा.

स्पार्क चांगला आहे, म्हणजे पेट्रोल

कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, चावी ऑन. इंजिन तापलेलं आहे, एक थेंबही मॅनिफोल्डवर पडता कामा नये, लांब पाइप जोडून बाटली गाडीपासून दूर धरा, कुणीतरी एक्स्टिंग्विशर घेऊन उभं राहू दे. एवढं जमत नसेल तर हा चेक रस्त्यावर करू नका, घरी थंड गाडीत करा. मिनिटाला अर्धा लिटर तरी धड यायला हवं, पंप चांगला असेल तर जास्तच येतं. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेलं तर टाकीतला गंज. टाकीत पिकअपला जाळी असते, पंप ओढायला लागला की गंजाचा भुगा जाळीला येऊन चिकटतो, गाडी मरते, पंप थांबला की भुगा खाली पडतो, गाडी चालू. लोक याला शंभर टक्के व्हेपर लॉक समजतात. म्हणून ते डिसेंबरवालं लक्षण विचारलं होतं.

एमजीबीची टाकी बहुतेक वेळा वरून सडते. टाकी आणि डिकीचा फ्लोअर यांच्यामधे पट्टी असते, तिथे चिखल-पाणी अडकतं आणि वरच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. टाकी फुल केली की डिकीत वास, अर्धी झाली की वास गायब, असं असेल तर समजून जा.

पंपाचा आवाज येत नव्हता आणि वायरला १२ व्होल्ट आहेत, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच ठोका. टकटक सुरू झाली तर त्याचे पॉइंट गेलेत. घरी पोचाल, पण पंप काढून पॉइंट बदलायचे हे नक्की. पंपाची अर्थ वायर सुद्धा साफ करा, निम्मे "मेलेले" पंप अर्थ नसल्यामुळे मेलेले असतात.

रबरी होज दाबून बघा. चिकट लागला, बोटाला काळं लागलं तर तो आतून सुटतोय आणि त्याचे काळे कण फ्लोट बोलच्या निडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसणार. आता आपल्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे ई२० असतं, आणि इथेनॉल जुनं रबर खातं, ओल ओढून घेतं, उभ्या गाडीच्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. १९७० च्या होजने हे सोसावं अशी अपेक्षाच चूक. आर-९ लिहिलेला फ्युएल होज सगळीकडे टाका, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत, एक फूट सुद्धा जुना ठेवू नका.

दुसरं म्हणजे ई२० वर तेच जेट सेटिंग बारीक, लीन (इंधन कमी, हवा जास्त) पडतं, कारण इथेनॉलवालं इंधन त्याच हवेला जास्त लागतं. लीन इंजिन जास्त तापतं आणि चढावर आचके देतं. एसयूला हे सोपं, खालचा जेटचा नट एक-एक फ्लॅट (नटची एक बाजू) खाली घ्यायचा, दोन्ही कार्बोरेटरला सारखा. मग पिस्टन उचलायच्या पिनने कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला: आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर, वाढून तसंच राहिलं तर रिच, पडलं किंवा बंद झालं तर लीन. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या डोक्यातली ऑइलची नळी) २० नंबरचं ऑइल आहे का तेही बघून घ्या, बऱ्याच गाड्यांत ते कोरडं सापडतं.

थांबल्यावर चालू न होणारी गाडी, आणि आपली हौस

इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडी मॅनिफोल्ड तापलेलाच असतो आणि त्याच्या डोक्यावर कार्बोरेटर. पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान *वाढत* जातं. पेट्रोलचा हलका भाग चाळीसच्या आसपासच उकळायला लागतो, इथेनॉल ७८ ला. फ्लोट बोल उकळतो, पेट्रोल जेटमधून आत वाहतं, इंजिन फ्लड. अशा वेळी चोक ओढला की संपलं. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा, पंप न करता, आणि स्टार्टर मारा, पाच-सात सेकंद, थांबा, परत. ओलं फडकं लावायचंच असेल तर ते फ्लोट बोलवर लावा, मागच्या पंपावर नाही, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी टाकू नका, बीड (ओतीव लोखंड) चिरते.

चांगल्या रिस्टोर केलेल्या गाड्यांनाच हा त्रास जास्त का, तर कस्टमायझेशन. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधलं हीट शील्ड "घाण दिसतं" म्हणून काढून टाकलेलं असतं, किंवा क्रोम करताना त्याचं मागचं अस्तर खरवडलेलं. ते अस्तर होतं म्हणूनच शील्ड काम करत होतं. जुन्या शील्डच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असतं, कोरडं घासू नका, ब्लोअर मारू नका, नवीन शील्ड घ्या. कार्बोरेटरमागचे काळे इन्सुलेटर ब्लॉक आहेत ना ते बघा. काचेचा दिसायला छान फिल्टर बरोबर मॅनिफोल्डच्या वर लटकवलेला असतो, तो काढा आणि मागे पंपाजवळ लावा. ट्युब्युलर हेडर (पाइपांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) लावलाय तर त्याला सिरॅमिक कोटिंग करून घ्या, कापडी पट्टी गुंडाळू नका, ती पावसाळ्यात पाणी धरते आणि हेडर सडतो. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवायची फॅशन आहे, त्याचा भरवसा नाही, कारण विंडस्क्रीनच्या पायथ्याशी धावत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो आणि गरम हवा बाहेर जायच्या ऐवजी बाहेरची हवा आत ढकलली जाते. इलेक्ट्रिक पंखा लावून तो गाडी बंद केल्यावर काही मिनिटं चालू राहील असं टायमरचं सर्किट करणं जास्त कामाचं.

टेंपरेचर खरंच वर जात असेल

थर्मोस्टॅट कितीचा आहे बघा. स्टँडर्ड ८२ डिग्रीचा, गरम देशांसाठी ७४ चा येतो, आपल्याकडे ७४ घालायला हरकत नाही. काढून टाकायचा मात्र नाही, रोडसाइड सल्ला हाच असतो पण थर्मोस्टॅट नसेल तर पाणी नको तिकडून फिरतं. रेडिएटर कॅपचं रबर, पंख्याचा बेल्ट, टायमिंग, आणि मग रेडिएटर, या क्रमाने. ब्लॉकमधे पन्नास वर्षांचा गाळ असतो, नुसता रेडिएटर बदलून भागत नाही, डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला ब्लॉकचा ड्रेन टॅप आहे तो शोधून उघडा आणि साफ पाणी येईपर्यंत फ्लश करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सांगायला लागू नये पण लागतं.

इथे हात थांबवा

रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना सतत बुडबुडे, ऑइल दुधट झालंय, किंवा पाणी कमी होतंय आणि गळती दिसत नाही, तर हेड गॅस्केट किंवा हेडला क्रॅक. चालवू नका, टो करून न्या. कॉम्प्रेशन टेस्ट आणि हेडचं प्रेशर टेस्टिंग मशीन शॉपचं काम आहे.

टाकीला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग घरी कधीच नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. रेडिएटरवाला "पाणी भरून करतो" म्हणाला तरी नाही म्हणा, नवीन टाकी बाहेरून मागवता येते.

वायर हाताला गरम लागतेय, वेष्टण मऊ झालंय, जळका वास येतोय, तर बॅटरी काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा. त्या पांढऱ्या सर्किटला फ्यूज नाही हे परत सांगतो.

डेल्कोचा शाफ्ट बोटाने बाजूला हलतोय, म्हणजे बुश गेलेत, कितीही पॉइंट बदलले तरी गॅप स्थिर राहणार नाही. थ्रॉटल स्पिंडलवर लीक असेल, इंजिन चालू असताना तिथे आवाज बदलत असेल, तर कार्बोरेटरला बुशिंग लागतं. दोन्हीला लेथ लागते, घरी करायच्या भानगडीत पडू नका.

आणि वरचे सगळे चेक मेलेल्या गाडीवर करून दोन वेळा झाले तरी फॉल्ट सापडला नाही, तर पार्ट बदलत बसायचं थांबवा. चांगला माणूस कोण, तर जुना अँबेसेडरवाला. अँबीचं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं हे १७९८, दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीजमधलीच, त्याला टॅपेटपासून टायमिंगपर्यंत सगळं पाठ असतं, फक्त ट्विन कार्बोरेटरचं सिंक्रोनायझिंग त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या. त्याला थंड गाडी देऊन येऊ नका. गाडी तापवून त्याच्या दारात न्या, नाहीतर त्याला बरोबर बसवून चढावर न्या, टॅकोची सुई आधी पडते की नंतर, पंप टकटकतो की नाही, कुठले पार्ट कधी बदलले, हे कागदावर लिहून द्या, आणि काढलेले जुने ओरिजिनल पार्ट फेकू नका, त्यातला निम्मा माल चांगला निघतो आणि परत बसवावा लागतो.